अलाबास्टाचं बंड पटतं का? टँकरचं लॉगबुक तपासलेल्या बाईचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. होस्टेलवर तुम्ही चौघं मित्र 'वन पीस' या मांगातल्या (जपानी चित्रकथेतल्या) अलाबास्टा देशावरून रात्रभर भांडलात. एकाचं म्हणणं, तीन वर्षं पाऊस नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मान दिलेल्या राजघराण्यावर लोक तलवारी उपसतात हे पटत नाही, लोकांना उगाच मूर्ख दाखवलंय. दुसरा म्हणतो, राजाच नालायक, बाहेरून पाणी का नाही आणलं? तिसऱ्याला खटकतं की अख्खा देश वाळत चाललेला असताना तिथल्या रेनबेस गावचा जुगारअड्डा धडाक्यात चालतोच कसा. चौथे तुम्ही, कुठल्याच बाजूला नाही, आणि विचारताय की ज्यांनी खरा दुष्काळ हाताळलाय त्यांनी सांगावं: हा देश असा चालू शकतो का, आणि असा मोडू शकतो का?

मी महसूल खात्यात 31 वर्षं काढली, बीड आणि लातूर जिल्ह्यांत, कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत. 2012, 2014, 2015, 2018 हे चारही दुष्काळ टंचाईच्या टेबलावर बसून नाहीतर त्या टेबलाच्या शेजारी बसून पाहिले. मांगा हा प्रकार निवृत्तीनंतर कळला. लॉकडाऊनमध्ये नातू अंबाजोगाईला आमच्याकडे अडकला, त्यानं टॅबवर दाखवायला सुरुवात केली. उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हणाला, तर ते काही जड गेलं नाही. निजामाच्या काळचं उर्दू दप्तर उजवीकडूनच उघडतं, ते आयुष्यभर हाताळलेलं. चाच्यांच्या मारामाऱ्या मी भराभर पुढे सरकवल्या. अलाबास्टा आलं आणि थांबले. नातू म्हणाला, "आजी, तू एवढी का गंभीर झालीस?" आता त्याला काय सांगू.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी (वाचायचं असेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे). अलाबास्टा हे वाळवंटी राज्य. राजा कोब्रा, त्याची मुलगी विवी. तीन वर्षं पाऊस पडतो तो फक्त राजधानी अलुबार्नात, बाकी देशात थेंब नाही. अशात नानोहाना बंदरात राजवाड्याकडे निघालेल्या मालातून एक हिरवी पूड सांडते. ही डान्स पावडर. जाळली की तिचा धूर ढगात जातो, ढगात बर्फाचे कण वाढतात आणि वाऱ्याबरोबर पुढे जाऊन जिथे पाऊस पडणार होता, तिथल्या वाट्याचा पाऊस आधीच इथे पडून जातो. याच पुडीवरून पूर्वी युद्ध झालेलं, म्हणून तिच्यावर बंदी. राजाला यातलं काहीच माहीत नाही. हे सगळं करवतो तो क्रोकोडाइल, जो लोकांच्या नजरेत चाच्यांपासून वाचवणारा वीर आहे. बंडखोरांचा म्होरक्या कोझा नावाचा तरुण पोरगा.

माझ्या मते तुमच्या मित्रांचं भांडण चुकीच्या जागी अडकलंय. पाऊस पडला नाही म्हणून लोक राजावर जात नाहीत. पाऊस नाही हे आमच्याकडे चार वर्षांत एकदा ठरलेलंच. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी साधारण 679 मिलिमीटर, आणि ती सरासरीच, दरवर्षी मिळेल याची हमी नाही. लोक बिथरतात ते बांधाच्या पलीकडे ओलं दिसलं की. ही कथा रचणाऱ्या ओडानं पाऊस सगळीकडेच बंद केला असता तर बंड झालं नसतं, देवळात भजनं झाली असती. त्यानं तो राजधानीत चालू ठेवला. ज्या माणसानं हे कथानक रचलं त्याला दुष्काळ कळतो असं मला त्या एका गोष्टीवरून वाटलं.

आधी दुसऱ्या मित्राचं बोलणं निपटू, कारण तिथे हिशेब सरळ आहे. बाहेरून पाणी का नाही आणलं? ग्रामीण भागात टँकरचं माप माणशी दिवसाला 20 लिटर. तीन हजार वस्तीच्या गावाला 60 हजार लिटर, म्हणजे 12 हजारी टँकरच्या पाच खेपा. अलाबास्टात टँकर नाहीत, उंट आहेत. उंटावर पाणी फार तर दीडशे लिटर धरा. त्या एका गावाला रोज 400 उंट लागतील, आणि त्या उंटांना परत पाणी कोण पाजणार? आता दुसरा हिशेब करा. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तर त्याच गावाला रोज दीड हजार किलो, म्हणजे दहा उंट. चारशे आणि दहा. म्हणून शहाणं सरकार पाणी वाहून नेत नाही, धान्य नेतं, आणि माणसं पाण्याजवळ सरकवतं. कोब्रानं नेमकं हेच केलं होतं. कोझाचं गाव कोरडं पडलं तेव्हा त्याच्या बापाला, तोतोला, नवीन ओअॅसिसवर युबा हे गाव वसवायचं काम त्यानंच दिलं. राजा नालायक नव्हता.

तुम्ही म्हणाल, लातूरला तर रेल्वेनं पाणी आणलं की. आणलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शहरात पाणी भरायच्या जागी मार्च 2016 मध्ये जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, 25 लाख लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं. लातूर शहराची 2011 ची लोकसंख्या 3 लाख 82 हजार. भागून बघा, माणशी साडेसहा लिटर. रेल्वेचा रूळ, वीज, मिरजेला कृष्णेचं पाणी, हे सगळं हाताशी असताना हे. त्या गाडीनं तहान भागली त्याहून जास्त धीर आला, आणि धीर ही काही कमी गोष्ट नाही. पण वाळवंटातल्या राजानं असं का केलं नाही म्हणून त्याला नापास करू नका.

धान्याच्या बाबतीत मात्र कोब्राला प्रश्न विचारता येतो. 1972 ला मी अकरा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची, मी धाकट्याला सांभाळत तिथेच बसायची. अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारी, खाल्लाय, कामावर वाटलेली सुकडी खाल्लीय. तिची चव अजून जिभेवर आहे, आणि ती चांगली नव्हती. पण त्या दुष्काळात माणसं सरकारवर चालून गेली नाहीत, मोर्चे निघाले ते काम मागायला निघाले. वि. स. पागे यांनी लावून धरलेली रोजगार हमी त्या काळात राज्यभर पसरली. पुढे 1977 ला तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो लागू झाला. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांचं किती काम पक्कं झालं यावर वाद घालता येईल, मी स्वतः अर्धवट रस्ते पाहिलेत. पण मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, नाव असणं ही वेगळीच चीज आहे. ज्याचं नाव मस्टरवर आहे तो मजुरी कमी पडली की तहसीलवर येऊन भांडतो, शिव्या देतो, खुर्ची आपटतो. ज्याचं नाव कुठेच नाही तो भांडायला येत नाही. तो एके दिवशी घराला कुलूप घालून निघून जातो. आमच्याकडे तो मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो, पुण्याला जातो. अलाबास्टात तो बंडखोरांच्या छावणीत जातो.

बंडखोरांची फौज एवढी मोठी कशी झाली हे मला कोडं वाटत नाही ते यामुळे. तीन वर्षं पेरा नाही, बैल नाही, गावात प्यायला पाणी नाही, आणि एका ठिकाणी भाकरी मिळते, सोबत्यांची ओळख मिळते, रोजचं काम मिळतं. त्यांनी आपला तळ युबाहून काटोरियाला हलवला ते बघा. काटोरिया नानोहानाच्या जवळ, नानोहाना बंदर, म्हणजे धान्य उतरतं त्या जागेच्या जवळ. ज्यानं हा नकाशा काढला त्यानं विचार केलाय. छावणी ही त्या देशातली एकमेव रोजगार हमी होती, फक्त हातात टोपल्याऐवजी तलवार. हत्यारांचाही तुटवडा होताच. शेवटी नानोहानात घुसलेल्या जहाजातून ती आली, आणि ती कुणी पाठवली हे वाचकाला माहीत आहे, कोझाला नाही.

आमच्याकडे दुष्काळ जाहीर झाला की आठ सवलतींची एक ठरलेली ओळ असते. झोपेतून उठवलं तरी म्हणेन: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषात शिथिलता, गरज तिथे टँकर, टंचाईतल्या गावात शेतीपंपाची वीज न तोडणं. यातली निम्मी अलाबास्टात निरर्थक आहेत हे मान्य. पण पहिली तर राजाच्या हातात होती. आणि तिथे एक गाठ आहे, जी तुमच्या वादात कुणीच काढलेली दिसली नाही. त्या जगात जागतिक सरकारच्या सदस्य देशांना वरती खंडणी भरावी लागते. वरचा हिस्सा ठरलेला असेल तर खाली महसूल माफ करायचा कुठून? हा प्रश्न निजामाच्या काळातल्या देशमुखालाही पडत असेल. ओडानं अलाबास्टाच्या तिजोरीचा हिशेब दाखवलेला नाही, त्यामुळे इथे मी एवढंच म्हणेन की कोब्रा किती मोकळा होता हे या खंडणीवर अवलंबून आहे.

रेनबेसबद्दल मला फारसं लिहायचं नाही, कारण ते त्या अख्ख्या देशातलं सगळ्यात खरं गाव आहे. दुष्काळात पैसा आटत नाही, तो जागा बदलतो. 2015-16 ला आमच्याकडे बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरत होत्या, तामिळनाडूच्या तिरुचेंगोडेच्या, पाटीवरच्या नंबरावरून कळायचं. आठशे फूट, हजार फूट, धूळ निघाली तरी फुटाचे पैसे रोख. पाण्याच्या जारचा धंदा गल्लीगल्लीत. सोनाराकडे गहाण ठेवायला रांग, आणि त्याच रस्त्यावर नव्या गाड्यांचं शोरूमही चालू. औरंगाबादच्या मद्यकारखान्यांचं पाणी कमी करायला एप्रिल 2016 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला आदेश द्यावा लागला, यावरून काय ते समजा. नानोहाना अत्तरांसाठी प्रसिद्ध दाखवलंय, तेही दुष्काळात बंद पडलेलं नाही. जुगारअड्ड्याचा मालक क्रोकोडाइल, आणि त्याला लोक टाळ्या देतात, हेही मला ओळखीचं वाटलं. टँकरपेक्षा मोठा स्वतःचा फोटो टँकरवर लावून फुकट पाणी वाटणारे दादा मी पाहिलेत. त्यातल्या काहींचं पाणी खरंच वेळेवर यायचं, सरकारचं यायचं नाही. लोक त्यांना देव म्हणायचे, आणि कोणत्या तोंडानं त्यांना चूक म्हणावं?

आता मूळ मुद्दा, ज्यावर माझा सगळा जीव आहे. पुडीचा.

तुमचा पहिला मित्र म्हणतो, चार पोती पुडीवरून लोक राजाला चोर ठरवतील का? मी सांगते, पुडी नसती तरी ठरवलं असतं. पाटोदा भागात पवनचक्क्या आल्या तेव्हा "पात्यांनी ढग पळवले" हे मी कार्यालयात बसून ऐकलंय, आणि सांगणारा पदवीधर होता. 2015 ला आणि परत 2019 ला औरंगाबादहून विमानं उडवून कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. तेव्हा एका गावात मला विचारलं, "बाई, इमान आमच्या डोक्यावरून गेलं अन् पाऊस पल्याडच्या तालुक्यात पडला. आमचा ढग कुणी फोडला?" मी विज्ञान सांगायला लागले. ढगात आधी पाणी असावं लागतं. थंड, उंच ढगात सिल्व्हर आयोडाइडच्या कणांभोवती बर्फ धरतो, कमी उंचीच्या उबदार ढगात मिठासारखे क्षार सोडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापूरला केलेल्या प्रयोगात सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मिळाल्याचं पुढे मांडलं गेलं. अठरा टक्के, तेही ढग असताना, ठरावीक टापूत. डान्स पावडर म्हणजे याच कल्पनेला मसाला लावून केलेली गोष्ट. एका शहरानं तीन वर्षं अख्ख्या देशाचा पाऊस ओढून घ्यावा असं काही प्रत्यक्षात होत नाही. पण माझं विज्ञान त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "ते सगळं खरं असंल, पर पल्याड पडलाच ना?"

हे "पडलाच ना" म्हणजे अलाबास्टा.

एक किस्सा सांगते, यात चूक माझी आहे. तालुका कोणता ते राहू द्या. 2013 चा उन्हाळा. ओढ्याच्या दोन अंगांना दोन वस्त्या, एक मोठं गाव आणि समोर तांडा. मोठ्या गावाला मी चार खेपा मंजूर केल्या, तांड्याला एक. कागदावर बरोबर होतं. प्रस्ताव जानेवारीत आला तेव्हा तांड्यावर म्हातारी-कोतारी आणि लेकरं एवढीच होती, बाकी सगळे कोयत्यावर. मार्चअखेर कारखाने बंद झाले, माणसं परतली, तांडा तिप्पट झाला. खेप एकच राहिली. दुरुस्तीचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर एका फायलीखाली अकरा दिवस पडून होता. मला खरंच दिसला नाही.

त्या अकरा दिवसांत तांड्यावर काय काय तयार झालं ते ऐका. बाईचं माहेर मोठ्या गावात आहे. (माझं माहेर परभणीचं.) बाईच्या भावाचा टँकर आहे. (मला भाऊ तो एकच, धाकटा, तो शिक्षक.) टँकर रात्री ओढ्यापलीकडच्या मोसंबीच्या बागेत रिकामा होतो, कुणीतरी डोळ्यांनी पाहिलंय. बाराव्या दिवशी पंचवीस-तीस बाया रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयात आल्या आणि माझ्या टेबलासमोर फरशीवर बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही. एक म्हातारी पुढे आली, तिनं घागर टेबलावर उपडी केली आणि बोटानं टकटक वाजवून दाखवली. तो आवाज फायलीवर उमटत नाही.

खेपा त्याच दिवशी वाढवून दिल्या. संशय गेला नाही. मग तलाठ्याला सांगून दोन्ही विहिरींवर शाळेतला एकेक जुना फळा टांगला. वर लिहिलं: आजची लोकसंख्या, मंजूर खेपा, आलेल्या खेपा, वेळ. खाली वस्तीतल्या दोन बायांची सही नाहीतर अंगठा, आणि सही झाल्याशिवाय ड्रायव्हरचं लॉगबुक पुरं धरायचं नाही. गंमत अशी की पाणी तेवढंच राहिलं. एखाद्या दिवशी टँकर बिघडायचा, खेप कमी पडायची, तेही फळ्यावर लिहिलेलं असायचं. तांड्यावरच्या बाया ओढा ओलांडून मोठ्या गावाचा फळा वाचून यायच्या. वाचता येणारी एक पोरगी असायची बरोबर. माझ्या माहेराची गोष्ट पंधरा दिवसांत विरून गेली.

कोब्राचा फळा कुठे होता? राजवाड्यात बंदी घातलेल्या पुडीचा साठा सापडल्यावर राजानं काय केलं ते परत वाचा. तो स्वतः चकित झाला. चौकशी करतोय म्हणाला असेल. बंडखोरांवर हल्ला करायचा नाही, देश म्हणजे माणसं, असं तो मानायचा, आणि सैन्याला त्यानं बराच काळ रोखून धरलं. माणूस म्हणून मला तो फार आवडतो. पण राजधानीत पाऊस पडत होता, हे तर डोळ्यांना दिसत होतं. ते पडलेलं पाणी कुठे साठलं, किती साठलं, किती बाहेर दिलं, हे कुणी लिहून चौकात लावलं का? अलुबार्नाच्या हौदातून रोज दहा पखाली जरी एखाद्या वाळलेल्या गावाला गेल्या असत्या, तरी पाण्याचा प्रश्न सुटला नसता हे मी वर हिशेबानिशी सांगितलंय. पण ज्या पाण्यावरून आरोप आहे तेच पाणी लोकांच्या अंगणात आलं असतं. चांगल्या माणसाची ही नेहमीची चूक असते, त्याला वाटतं आपली नियत लोकांना माहीत आहे.

आमच्याकडे याच भांडणाचं मोठं रूप जायकवाडीचं. पैठणच्या नाथसागरात पाणी वरून येतं, आणि वर नगर-नाशिककडे मुळा, भंडारदरा, दारणा, गंगापूर अशी धरणं. वरच्यांनी अडवलं की खालचे म्हणणार पळवलं; वरचे म्हणणार आमच्या डोंगरावर पडलेलं आहे. डान्स पावडर न जाळता तोच तंटा. फरक असा की 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं, मेंढेगिरी समितीनं तक्ते मांडले, सप्टेंबर 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश झाला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या आत असेल तर वरून किती सोडायचं ते ठरलेलं. 2016 ला उच्च न्यायालयाचाही निकाल आला. यानं भांडण मिटलं असं समजू नका, दर ऑक्टोबरला दोन्हीकडे आंदोलनं होतात, कधी पाणी सोडायला उशीर होतो. पण लोक हातात तक्ता घेऊन भांडतात, टक्क्यांवर भांडतात. कोझाच्या हातात तक्ता नव्हता. एरुमालुला नदीचं पाणी आणणारा कालवा फोडला गेला आणि ते हिरवं गाव वाळून ओस पडलं, तेव्हा तो कुणी फोडला हे पाहायला तिथे साधा कालवा निरीक्षकही दिसत नाही. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, शेतकऱ्याला विचारा, कुठल्या किलोमीटरला कुणी सायफन टाकलाय ते तो तारखेसह सांगेल.

इथे माझ्याच बोलण्याला एक फाटा फुटतो, तो लपवत नाही. फळा चालतो तो सहीवर विश्वास असेपर्यंत. अलाबास्टात मिस्टर 2 हा क्रोकोडाइलचा माणूस कुणाचाही चेहरा घेऊ शकतो, आणि तो राजाच्या चेहऱ्यानं नानोहानाच्या चौकात उभा राहून कबुली देतो की पाऊस मीच चोरला, वर गाव जाळायचा हुकूम सोडतो. माझ्या फळ्यावर कुणी खोटा अंगठा उठवला असता तर मला महिन्यानं कळलं असतं. त्यामुळे कोब्रानं सगळं नीट केलं असतं तर बंड टळलंच असतं, असं छातीठोक मी म्हणणार नाही. क्रोकोडाइल रेतीची वादळं पाठवून युबा गाडतो, असा शत्रू माझ्या तालुक्यात नव्हता. मी एवढंच म्हणते, तो चेहरा खपला कारण तीन वर्षं लोक तीच गोष्ट ऐकायला तयार होऊन बसले होते. पहिल्या वर्षी हाच तमाशा केला असता तर नानोहानाच्या लोकांनी मिस्टर 2 ला धरून चोपला असता.

आणि राजेशाहीचा मुद्दा. तुमच्यातल्या कुणीतरी लिहिलंय की निवडणूक असती तर हे झालं नसतं. अर्धं बरोबर. निवडणूक असली की लोकांना राग काढायला तारीख मिळते, ही फार मोठी सोय आहे. पण 51 पैसे पैसेवारी (रुपयात किती पैसे पीक आलं याचा सरकारी अंदाज) आलेल्या गावाला विचारा. पन्नासच्या आत आलेल्या शेजारच्या गावाला सवलती मिळायच्या, याला काही नाही, मध्ये फक्त बांध. पीककापणीचा दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन कुणाच्या शेतात आखला यावरून भाऊबंदकीत डोकी फुटलेली मी पाहिलीत, आणि ती लोकशाहीत फुटलीत.

ओडाशी माझं भांडण फक्त शेवटावर. अलुबार्नावर पाऊस येतो, तलवारी खाली पडतात, झालं. पहिल्या पावसाला भांडणं थांबतात हे खरं आहे. आमच्याकडेही जूनच्या पहिल्या सरीला ठरलेले मोर्चे रद्द होतात, मोर्चेकरी पेरणीला पळतात. पण पेरायचं काय? घरचं बी तर दुसऱ्या वर्षीच खाऊन झालेलं. बैल बाजारात अर्ध्या किमतीला गेलेले, ते आता दुप्पट भावानं घ्यायचे. सावकाराची वही पावसानं भिजत नाही. लातूरची रेल्वे 2016 च्या ऑगस्टमध्ये थांबली, पण टंचाईच्या बिलांवरचे लेखापरीक्षणाचे आक्षेप मी निवृत्त होईपर्यंत टेबलावर येतच होते. अलाबास्टातल्या एवढ्या मोठ्या दोन फौजा विसर्जित झाल्यावर ती माणसं कुठल्या शेतावर परत गेली, युबा-एरुमालुच्या जमिनी रेतीखालून मोजून कुणाच्या नावावर लावल्या, हे कुणी दाखवलं तर तो भाग मी मारामारी न सरकवता वाचेन.

तोतो आठवतो ना? अख्खं गाव सोडून गेलं तरी वाळलेल्या युबात एकटा रात्रभर खणत बसलेला म्हातारा. रात्र खणून त्याच्या हाती लागलं ते कथेचा नायक लुफ्फी याला देण्यापुरतं थोडं पाणी. खड्डा किती खोल गेला त्याचं माप कुणी घेतलं नाही, मजुरी कुणी लावली नाही. नातू म्हणतो ते दृश्य रडवतं. मला मात्र सारखं वाटत राहिलं, या माणसाचं मस्टर कुणी का काढलं नाही.